घरमालकाच्या ओट्यावरची गटचर्चा

बाई, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तिच्याबद्दलची माझी जळजळ काही गेली नाही. तीच, जी आरोग्याच्या अभ्यासासाठी लोकांना बोलतं कसं करायचं ते शिकवणाऱ्या तुमच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची आणि जिला तुम्ही सिल्लोडकडच्या गावांत बाळंतिणींशी बोलायला सोबत न्यायच्या. माझ्या वाट्याला गटचर्चा. आठ-दहा माणसं बोलती करायची, कुणी तापला तर हसवून गार करायचा, हे मला लई जमायचं. तुम्ही म्हणायच्या, "अरे, मुलाखत घेतोस का पंचायत भरवतोस?" सगळे हसायचे, मीही हसायचो, आणि ती तुमच्या स्कूटरवर मागं बसून निघून जायची. एकदा ती परत आली तर ओढणीला मक्याच्या कणसाचे केस चिकटलेले. मी विचारलं, "काय काय प्रश्न विचारले?" तर म्हणाली, "प्रश्न कुठले, त्यांच्याबरोबर कणसं सोलत बसले." त्याचंही तुम्ही कौतुक केलंत!

आता ती मोठी प्राध्यापक आहे. माझंही गारखेड्यात बरं चाललंय. कुणाला आरोग्याचा अभ्यास करायचा असला की लोकांशी बोलून माहिती आणून देणं, हाच माझा धंदा. बजाजनगरातल्या कामगारांची टीबीची औषधं मधेच का सुटतात, हा तिचा नवा अभ्यास. म्हणाली, "माहिती कशी गोळा करायची ते तूच ठरव, तुझा हातखंडा आहे." मला वाटलं, उपकार करतेय. मी ताडकन म्हटलं, गटचर्चा.

बजाजनगरातल्या एका घरमालकानं स्वतःचा ओटा दिला, सतरंजी टाकली, भाडेकरूंना हाका मारून बसवलं, वर सगळ्यांना चहा. मी खूश. कधीकाळी मीही तिथंच भाड्याच्या खोलीत राहून, कंपनीत राबून शिकलो, तरी माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही. मी विचारतो, "औषधं घेताना अडचण काय येते?" एक जण म्हणतो, "इथं कुणाला टीबी नाय, साहेब." दुसरा म्हणतो, "व्हय ना, हवा लई शुद्ध आपल्याकडं," आणि धुराड्यांकडं बघून सगळे हसतात. मालक दारात उभा. तेवढ्यात माझ्या कानावर बारीक कट् असा आवाज येतो. कडेला बसलेला एक जण दाताखाली लवंग फोडतोय. खोकला वर आला की लवंग चावायची, घोटभर पाणी प्यायचं आणि इतरांबरोबर हसायचं. मी चर्चा आवरती घेतली.

नंतर तोच माणूस स्टॉपपर्यंत माझ्याबरोबर चालत आला. "मालकाला कळलं तर खोली जाईल, साहेब. गोळ्या कंपनीतल्या लॉकरात ठेवतो. सुट्टी आली की राहून जातात." मग घरचं, गावचं बोलत राहिला. मी काही विचारलं नाही.

तिला फोन केला. म्हटलं, "गटचर्चा नको. एकेकाशी बोलायचं, खोलीपासून लांब." ती म्हणाली, "बाईंनी हेच सांगितलं असतं." बाई, अंगाचा तिळपापड झाला माझ्या. तुम्ही काय सांगितलं असतं, ते हिनं मला सांगावं?

हे पत्र टाकणार तरी कुठल्या पेटीत? तेव्हा एक सांगूनच टाकतो. वर्गातल्या सरावाची एक टेप माझ्याकडं आहे. तुमचा आवाज ऐकावासा वाटला की लावतो. त्यात तुम्ही तिला "शाब्बास गं" म्हणता. ती जागा जवळ आली की मी टेप पुढं ढकलतो.