बाईसाहेबांची बदली

७ नोव्हेंबर

ताईला आज पुन्हा धाप लागली. जिन्याच्या प्रत्येक वळणावर बसत बसत वर आली. मी म्हणालो, "दिवसभर खुर्चीत बसल्यावर दुसरं काय होणार? जरा हातपाय हलव!" ती हसली. हसता हसता खोकायला लागली. मग नुसता खोकलाच राहिला.

खाली आमची बेकरी, मधे आम्ही नवरा-बायको, वर ताई. भाऊजी गेल्यापासून इथेच असते. सोबतीला एक हिरवी लव्हबर्ड. ताई तिला 'बाईसाहेब' म्हणते, कारण तिला कधी काहीच पसंत पडत नाही. बाईसाहेबांचा पिंजरा खिडकीत आणि खिडकीसमोर आमच्या भट्टीचं धुराडं. हे आज पहिल्यांदा नीट पाहिलं. पाहिलं आणि मुकाट खाली आलो.

९ नोव्हेंबर

बायकोनं विषय काढलाच. "अहो, त्या दारांचा धूर आहे तो. त्यानंच होतंय ताईंना."

दारं म्हणजे पाडलेल्या घरांची दारं, खिडक्या, चौकटी. पाडकामवाला ट्रक भरून आणून टाकतो, जवळजवळ फुकट. त्यांच्यावर वर्षानुवर्षांच्या ऑइल पेंटचे थर. रंग भसकन पेट घेतो, भट्टी भराभर तापते, कारागीर खूश. मी म्हणालो, "धंद्यातले सगळेच हे जाळतात."

"सगळ्यांच्या डोक्यावर त्यांची बहीण राहत नाही!"

मी पीठ फुगलंय का बघायला गेलो. पीठ छान फुगलं होतं. तरी तिथेच रेंगाळलो.

१५ नोव्हेंबर

ताईला छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तिला नळीत फुंकायला लावलं. फुंकर कसली, उसासाच निघाला. मग प्रश्न. घरात धूर होतो का?

"खाली आमची बेकरी आहे. लाकडाची भट्टी. पण धुराडं उंच आहे."

"लाकूड कसलं?"

"साधंच. सुकं."

त्यावर ताई — "माझा भाऊ फार बघून घेतो हो लाकूड!"

साधंच! माझी जीभ झडली कशी नाही? बाईंनी मान हलवली आणि पुढचं विचारलं, "पक्षी वगैरे पाळलाय का?" ताईचा चेहरा पडला. पिसांची, विष्ठेची बारीक धूळ काहींच्या छातीला बाधते म्हणे. काही दिवस पक्षी दुसरीकडे ठेवून बघा म्हणाल्या.

तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. बाई चुकल्या नाहीत, मीच त्यांना चुकीच्या वाटेला लावलं. मी काय केलं? पैसे कुठे भरायचे ते विचारलं.

१९ नोव्हेंबर

बाईसाहेबांची बदली झाली. ताईची नणंद शहराबाहेर तळ्याकाठी राहते, तिच्याकडे. ताई रडली नाही. पिंजरा पुसला, दाण्याची वाटी घासली, खाली नवा कागद घातला. मी न्यायला निघालो तर जिन्यापर्यंत सूचना चालूच — "झोपताना वरून फडकं टाकायला सांग. पिसं झडतायत तिची. हल्ली ओरडतही नाही, तब्येत बरी नाही."

नणंद पिंजऱ्यात डोकावून म्हणाली, "म्हातारी झाली असेल."

"असेल," मी म्हणालो. इतका खोटारडा मी कधीपासून झालो?

२ डिसेंबर

ठरलं. आहे तो ढीग संपला की रंगाचं लाकूड बंद.

६ डिसेंबर

ढीग संपत आला होता. आज पाडकामवाला नवा ट्रक घेऊन दारात हजर. परत पाठवायचा होता. उतरवून घेतला.

१८ डिसेंबर

खोकला तसाच. ताई मलाच धीर देते — "इतकी वर्षं पक्ष्याजवळ बसले, जायला वेळ लागणारच." बाईसाहेबांची धूळ राहू नये म्हणून तिनं पडदे धुतले, खिडकीचे गज पुसले. फडकं काळंकुट्ट! मला दाखवून म्हणाली, "बघ, रस्त्यावरच्या गाड्या किती घाण करतात!"

मी मान डोलावली. मान डोलावली!! माझीच मला किळस येते.

९ जानेवारी

ताईला घेऊन नणंदेकडे गेलो. फाटकापासूनच कलकलाट ऐकू आला. बाईसाहेब! अंगभर नवी पिसं, गळा ताणून ओरडत होती. ताई पिंजऱ्याला नाक लावून बसली, गप्पा मारत बसली, आम्हाला विसरलीच. नणंद चहा ओतता ओतता सहज बोलून गेली, "वहिनी, आल्यापासून तुम्ही एकदाही खोकला नाहीत."

ताईनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग पिंजऱ्याकडे. माझ्याकडे नाही.

परतताना रिक्षा आमच्या गल्लीत वळली तसा तिनं नाकाला रुमाल लावला. मी बाहेर बघत बसलो.

१० जानेवारी

सकाळीच पाडकामवाल्याला बोलावलं आणि उरलेली दारं उचलून न्यायला लावली. मग ताईला सगळं सांगायला वर गेलो. ती बंद खिडकीच्या काचेतून खाली बघत होती. ट्रकमध्ये दारं चढत होती. निळी, पिवळी, हिरवी.

"कशाला आणली होतीस ही?"

"जाळायला."

"डॉक्टरांना साधं लाकूड म्हणालास."

"हो."

"आणि मी त्यांना म्हणाले, माझा भाऊ फार बघून घेतो."

ओरडली असती, थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. ती गॅसकडे वळली आणि म्हणाली, "चहा घेणार का?" मी तिथेच जमिनीवर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

१२ जानेवारी

डॉक्टरीणबाईंकडे एकटाच गेलो. सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ओरडल्या नाहीत. "धूर थांबवलात हे बरं केलंत," म्हणाल्या, "पण झालं ते सगळं भरून येईल असं मी सांगू शकत नाही." निघताना मी बाईसाहेबांचं विचारलं. परत आणायला हरकत नाही म्हणाल्या.

निदान तेवढं तरी! धावतच घरी आलो. खालूनच ओरडलो, "ताई, उद्या बाईसाहेबांना आणू या!"

वरून उत्तर आलं नाही. झोपली असेल.

१३ जानेवारी

ताईची बॅग भरून दाराशी ठेवलेली. म्हणाली, "तिला इकडे नको आणूस. मलाच तिकडे सोडून ये."