बटणाच्या गाण्याची वाटणी

त्या सकाळी दूध तापत ठेवून मी मशीनला तेल देत होते. नळाचे पाणी जायच्या आत बादल्या भरून झाल्या होत्या, एका गिऱ्हाइकाच्या फ्रॉकची दुमड राहिली होती, आणि मास्तर खाटेच्या काठावर बसून थोरलीच्या अंगातल्या शाळेच्या सदऱ्याची बटणे लावत होते. थोरलीला ते मुळीच आवडत नसे. अंग चोरायची, हात आखडून घ्यायची. म्हणून मास्तरांनी त्या दिवशी गाणे रचले. रचले म्हणजे तोंडाला आले ते म्हटले.

बटणा बटणा, घर तुझं कुठं?
सदऱ्याच्या गल्लीत, काजाच्या पुढं.
बटणा बटणा, आत कोण राहतं?

इतक्यात वरच्या मजल्यावरून कोणीतरी काठी आपटली. ठक, ठक. थोरली दचकली, छताकडे पाहू लागली आणि खुदकन हसली. तेवढ्यात मास्तरांनी शेवटचे बटण लावून ओळ पुरी केली.

बोट चिमुकलं आत यायला बघतं.

दूध मात्र उतू गेले.

हे वाचून वकील म्हणाले, "बाई, मृत्युपत्र असं सुरू होत नाही." मी म्हटले, "माझं होतं." तरी त्यांनी दिलेला नमुना मी नीट वाचला आहे आणि आता रीतसर लिहिते.

मी, खाली सही करणारी, मास्तरांची विधवा, धंदा शिवणकाम, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. मास्तर म्हणजे माझे पती. ते दुकानात कापड बेतायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत, मीसुद्धा. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे मी माझ्या हाताने लिहीत आहे. नमुन्यात पुढे "कोणत्याही दडपणाशिवाय" असे शब्द आहेत. ते मी गाळले. दडपण आहे. कोणा माणसाचे नाही, उद्याचे आहे.

उद्या सकाळी माझ्या गळ्यातली गाठ काढणार आहेत. ती मला टेपने सापडली. स्वतःसाठी पोलके बेतताना गळ्याचे माप घेतले, तर टेप नेहमीच्या आकड्यावर जुळेना. मला वाटले टेप आटला. जुना टेप आटत नाही, उलट ताणला जातो, हे मला माहीत असून मी नवीन टेप आणला. तोही जुळेना. डॉक्टर म्हणाले, आवाजाची नस गाठीला चिकटलेली दिसते. जपून सोडवू, पण आवाज जाऊ शकतो. मग म्हणाले, "घाबरू नका." त्याआधी मी घाबरले नव्हते.

आता वाटणी.

राहते घर, म्हणजे खालच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, थोरली आणि धाकटा या माझ्या दोन मुलांना सारख्या हक्काने. विकायचे असेल तर दोघांनी मिळून विकावे. मधल्या दाराच्या चौकटीवर त्यांच्या उंचीच्या खडूच्या खुणा आहेत, त्यावर रंग देऊ नये. घेणाऱ्याने दिला तर माझा इलाज नाही.

बँकेत आहे ते आधी रुग्णालयाला. उरेल ते दोघांना निम्मे निम्मे. उरले नाही तर एकमेकांकडे संशयाने पाहू नये.

मशीन थोरलीला. ती शिवत नाही, पण तिला पायडल मारत बसायला आवडते, आणि तिच्या डोक्याला त्याची गरज आहे. कापडाची मोठी कात्रीही तिलाच. धाकट्याने याच कात्रीने एकदा पतंगाचा कागद कापला होता. कात्रीला कागद लावून तिची धार घालवणाऱ्याला मी कात्री देणार नाही, मग तो पोटचा असला तरी. त्याला मास्तरांचे हातातले घड्याळ द्यावे. ते मागे पडते. तोही पडतो.

वर्तमानपत्रातून कापलेले मापांचे नमुने, दोरीने बांधलेले आहेत, ते रद्दीत घालू नयेत. मी शाळेत गेले नाही. मास्तर कागदाच्या वेगळ्या कात्रीने नमुने कापत आणि मी त्यावरची अक्षरे लावत बसे. बाहीवर बातमी अर्धीच असायची, मग उरलेली शोधायला पाठीचा तुकडा धुंडाळायचा. वाचायला मी अशी शिकले. कित्येक वर्षे मला वाटे की बातम्या मुळातच गोलाईत संपतात. हे नमुने धाकट्याच्या मुलीला, चिमणीला द्यावेत. ती आता अक्षरे लावू लागली आहे.

माझ्या जाऊबाई. त्या भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर म्हणाल्या होत्या, "मास्तरांचं गाणं म्हणजे गिऱ्हाईक पळवायचं औषध." मास्तर हसले. मी नाही हसले. जाऊबाईंना माझी टाचण्यांची उशी द्यावी. टाचण्या काढू नयेत.

शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटात घालते ते अंगुस्तान कोणालाच नाही. ते मी उद्या बरोबर नेणार आहे. बोटात नसले की मला हात उघडा पडल्यासारखा वाटतो. भूल देताना काढायला लावतील, तेव्हा थोरलीने मुठीत धरून बसावे.

आता ज्यासाठी कागद घेऊन बसले ते.

बटणाचे गाणे. त्यावरून माझ्या मुलांचे भांडण आहे. थोरली म्हणते तिसरी ओळ "आत कोण राहतं" अशी आहे. धाकटा म्हणतो "दार कोण वाजवतं". मागच्या भेटीत चिमणीला कपडे घालताना दोघे हमरीतुमरीवर आले. चिमणी एका बाहीत हात घालून ऐकत उभी होती.

"बाबांनी मला म्हटलेलं गाणं मला माहीत नसेल?"

"तुला म्हटलेलं जुनं झालं, ताई. बाबांनीच बदललं."

"तू तेव्हा पाळण्यात होतास."

"म्हणून तर मला पाठ आहे. मला दुसरं काम काय होतं?"

तेव्हा मी चिमणीचा दुसरा हात बाहीत घातला. घसा दुखत होता. आता लेखी निकाल देते: दोघांचे बरोबर आहे. थोरलीच्या वेळी ओळ होती "आत कोण राहतं". पण काठी रोजच वाजू लागली. वरच्या मजल्यावरचे शेजारी, त्यांना मी भाऊजी म्हणते, टेलिफोनच्या कचेरीत रात्रपाळी करायचे आणि आमची गडबड सुरू व्हायची त्याच वेळी डोळे मिटायचे. मी मास्तरांना म्हणे, "हळू म्हणा, त्या माणसाची झोप मोडते." ते हळू म्हणत. तिसऱ्या ओळीला मात्र आवाज आपसूक चढे, की आलीच काठी. धाकटा बटणे लावण्याएवढा झाला तेव्हा मास्तरांनी ओळच बदलली: "दार कोण वाजवतं?" आणि थांबायचे. वरून ठक, ठक. मग पोरांबरोबर शेवटची ओळ.

आमच्या पोरांना ती काठी गाण्यातलीच वाटत होती. थोरलीने शाळेच्या कार्यक्रमात हे गाणे म्हटले. तिसऱ्या ओळीला थांबली आणि छताकडे बघत उभी राहिली. बाई हळूच म्हणाल्या, "विसरलीस का गं?" थोरली म्हणाली, "नाही बाई. वरून अजून वाजलं नाही." सगळे हसले. ती रडत घरी आली. मास्तरांनी तिला खांद्यावर घेतले आणि म्हणाले, "त्या शाळेला वरचा मजलाच नाही, त्याला तू काय करणार?"

धाकट्याच्या घरावरही मजला नाही. तो कपाटाच्या दारावर वाजवतो. त्याशिवाय चिमणी शेवटचे बटण लावू देत नाही. मी त्यांच्याकडे गेले की तिला गाणे माझ्या आवाजात लागते. आवाज माझा चांगला नाही. पण मास्तर कुठे श्वास घ्यायचे ते मला ठाऊक आहे आणि मी तिथेच घेते. एवढेच त्यांचे माझ्याकडे उरले आहे. बाकी सगळे कपाटात आहे, ते उद्या कोणी कापणार नाही.

मागच्या आठवड्यात थोरली मोबाईल समोर धरून बसली. "आई, एकदाच म्हण. मी जपून ठेवते."

मी दोन ओळी म्हटल्या. तिसरीला श्वास घेतला आणि पुढे येईना. गाठीने अडवले की भीतीने, मला कळले नाही.

"बंद कर," मी म्हटले.

"अगं, छान येतंय."

"मी गेल्यावर ऐकायचं असल्यासारखी धरून बसलीयस. तसं मला म्हणता येत नाही."

ती स्वयंपाकघरात गेली आणि घासलेली भांडी पुन्हा घासू लागली. आई-लेकीत तेवढाच फरक आहे. मी उसवून पुन्हा शिवते.

म्हणून गाणे असे देते. शब्द दोघांना, आपापली तिसरी ओळ सांभाळून. तिसऱ्या ओळीपुढचे थांबणे चिमणीला. ते कोणी घाईने भरू नये.

मी उद्या उठलेच नाही तर वरच्या कलमांप्रमाणे करावे. उठले आणि आवाज नसला तर माझ्याशी मोठ्याने बोलू नये, कान शाबूत असतील. माझ्याकडे पाहून कोणी डोळे पुसू नयेत. चिमणीला "आजीचा आवाज गेला" असे सांगू नये. गेला म्हटले की ती कुठे गेला विचारेल, आणि ते मलाही माहीत नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी थोरलीने करावी.

सहीच्या वेळी वरचे भाऊजी काठी टेकत खाली आले. आता ती काठी चालायला लागते. वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. त्यांच्या नावे काहीच लिहिले नव्हते, म्हणून मी ओशाळले. भाऊजी म्हणाले, "वहिनी, माझ्या वाटणीचं मी फुकट ऐकलंय."

मी म्हटले, "झोप मोडायची ना तुमची?"

"पहिल्या वर्षी रागानं वाजवायचो. खोटं कशाला बोलू?"

"मग पुढं?"

"पुढं मास्तर थांबायला लागले. थांबलेल्या माणसाला ताटकळत कसं ठेवायचं? पाळी संपवून आलो की डोळा लागू नये म्हणून गजर लावायचो. वाजवायचं आणि मग झोपायचं."

मास्तरांना हे माहीत होते का, मी विचारले. भाऊजींनी पेनाचे टोपण काढले आणि म्हणाले, "कुठं सही करू?"

मला अजून भीती वाटते. त्यामुळे सही वाकडी आली तर ती माझी नाही असे कोणी म्हणू नये.

सही: मास्तरांची बायको
साक्षीदार: वरच्या मजल्यावरचे भाऊजी, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर
साक्षीदार: कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातल्या बाई
ठिकाण: माझे राहते घर, मशीनजवळ
तारीख: शस्त्रक्रियेच्या आदला दिवस, दिवेलागण

पुरवणी. रुग्णालय. हे रीतीत बसते की नाही, वकिलांना विचारलेले नाही.

शस्त्रक्रिया झाली. मी उठले. आवाजाचे आत्ताच सांगता येत नाही असे डॉक्टर म्हणतात, आणि तोवर अवाक्षर काढायचे नाही. आत आवाज आहे की नाही हे करून पाहायचीही मला भीती वाटते. थोरलीने अंगुस्तान परत माझ्या बोटात घातले. इतके घट्ट धरले होते की तिच्या तळव्यावर त्याची गोल खूण उठली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्याचा फोन आला. चिमणी शाळेचा सदरा उघडा टाकून बसली होती, बटणे लावू देत नव्हती. थोरलीने फोन माझ्या उशाशी धरला. पलीकडून चिमणीने दोन ओळी म्हटल्या, तिसरी म्हटली आणि थांबली. धाकट्यानेही कपाट वाजवले नाही. मी अंगुस्तान घातलेल्या बोटाने खाटेच्या लोखंडी दांडीवर दोनदा वाजवले.