उद्याचं उत्तरायण

राहाता, भोगी, जानेवारी १९४४

खोबरेल तेलाने आज माझा घोर अपमान केला. बाटली उलटी धरली तरी थेंब पडेना. शेवटी चुलीपाशी ठेवून विनवण्या केल्या. ऐन हिवाळ्याला आम्ही हेमंत म्हणतो, शेजारचा गडी म्हणतो, "पंडित, लई हिव पडलंय." पौषात लग्न नाही, आणि आईच्या मते मरणही नाही. दक्षिणायनात जायचं नाही म्हणून ती अंथरुणात जीव धरून आहे.

तेल पातळ झालं. तिच्या तळपायांना चोळत होतो.

"संक्रांत कधी रे?"

"उद्या."

"मग सुटले बाबा."

खोटं का नाही सांगितलं? पुन्हा थिजलं असेल आता ते तेल. उत्तरायणाचं पुण्य मी गावभर सांगत आलो. मला ते नको. मला आई हवी आहे.