मोहफुलांचा चहा

कुरखेडा, २० मार्च १९५५, संध्याकाळ

साताऱ्याहून इथल्या शाळेत नोकरीला आलो तेव्हा दुधाखेरीज चहा मला चालत नसे. शेजारच्या सोनाबाईंनी महिनाभरात गवती, तुळशीचा, आल्याचा पाजून चटक लावली. आजचा तर कोरा, बिनसाखरेचा, तरी केवढा गोड!

"मोहाची फुलं टाकली गुरुजी, मागच्या सालची," बाई म्हणाल्या. मी लगेच दुसरा कप मागितला. त्यांनी फुलांचं मडकं उपडं करून झटकलं; एकही फूल पडलं नाही.

अंगणभर ताजी मोहफुलं वाळत होती. मी ओंजळ भरली.

"नाई गुरुजी! नवी आधी देवाले, मंग आपल्याले."

एवढा गोडवा दारात पसरलेला, आणि घरात कुणी एक फूल तोंडात टाकत नाही!

ते मडकं डोळ्यांपुढून हलत नाही. उरलेली शेवटची फुलं माझ्या कपात टाकून बाई स्वतः कडू चहा पीत होत्या.