सातवा सामना आणि तोइवोमामा

स्प्रूस बे,
गुरुवार, रिंकच्या कँटीनमधून

तीर्थस्वरूप तोइवोमामा यांस,

आयलीचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे अंथरुणाला कोणी खिळलेलं नाही, पण शुद्धीवरही कोणी नाही. तुमची तब्येत कशी आहे? नवी कवळी बसली का? तुमची हेल्मी फोनवर म्हणाली की खालच्या बाजूने टोचते. मामा, दातांच्या बाबतीत हयगय करू नये. तुमच्याकडचा तो डॉक्टर शनिवारीही दवाखाना उघडा ठेवतो असं ऐकलं. (सहज लिहिलं.) आणि गुडघा? एप्रिल लागला तरी इथली थंडी हलायचं नाव घेत नाही, आणि आपल्या बसचा हीटर बिघडला आहे. ओन्नी दोन कोट घालून बस चालवतो आणि उतारूंना म्हणतो, "चालत गेलात तर जास्त ऊब येईल." (हेही सहजच.)

बाकी गाव सध्या जमिनीपासून वीतभर वर चालतं आहे. मामा, तीन-तीन झाले! आइस हॉकीच्या सात सामन्यांच्या अंतिम फेरीत आम्ही तीन, कॉपर फॉल्स तीन, आणि शनिवारी संध्याकाळी सातवा सामना, तोही आपल्या घरच्या बर्फावर. पेपर मिलने शनिवारची पाळी दुपारीच सोडायचं ठरवलं आहे, कारण सोडली नाही तर माणसं भिंतीवरून उड्या मारून जातील हे साहेबांना कळलं. काल माझ्या हातून कॉफीत साखरेऐवजी मीठ पडलं, आणि पिणारा ती पिऊन "वा!" म्हणून निघून गेला. अशी सगळी अवस्था.

आणि लिओ. तुम्हाला वेगळं सांगायला नको, हा त्याचा शेवटचा सामना. क्लबने हिवाळ्यातच सांगून टाकलं, पुढच्या मोसमात कप्तान दुसरा. सोमवारपासून लिओ मिलच्या फाटकावर उभा राहील, ट्रक मोजत. याआधी दोनदा तो अंतिम फेरीत पोहोचला आणि दोन्ही वेळा दुसऱ्याला करंडक उचलताना बघत रांगेत उभा राहून हस्तांदोलन करून घरी आला. घरी येऊन बूट न काढता जेवला. मी त्याची बायको आहे, मला त्याचं हे न बोलता जेवणं फार लागतं. दुसऱ्या कोणाला करंडक महत्त्वाचा असेल, मला त्या माणसाने एकदा तोंड वर करून जेवावं एवढंच हवं आहे.

बाद फेरी सुरू झाली की दाढी करायची नाही, हा आपला रिवाज तुम्हाला माहीतच आहे. पण यंदा फेरी इतकी लांबली की गाव ओळखू येत नाही. खेळाडूंचं सोडा, पोस्टमन, मिलचे साहेब, फादर दुफ्रेन, सगळ्यांच्या तोंडावर जंगल. (फादरांनी रविवारी प्रवचनात सांगितलं की देवाला दाढी असते, तेव्हा यात गैर काही नाही.) आपला न्हावी गास्टन दिवसभर रिकाम्या खुर्चीत स्वतःच बसून असतो आणि त्याचीही दाढी छातीपर्यंत आली आहे. मी म्हटलं, "गास्टनभाऊ, निदान तुम्ही तरी करा!" तर म्हणाला, "वहिनी, धंदा बुडाला तर परत उभा करता येतो. करंडक बुडाला तर गाव मला याच वस्तऱ्याने सोलेल." लिओची दाढी मात्र या वेळी पांढरी आली, मामा. परवा सकाळी तो खिडकीशी उभा होता, उजेड तोंडावर होता, आणि मला एकदम वाटलं की हा कोण म्हातारा माझ्या स्वयंपाकघरात शिरला! मग तो हसला. मी उगीचच चहा निवला म्हणून त्याच्यावर खेकसले, कारण रडू येत होतं.

दाढीचं एक वेळ सोसेन, पण बनियन! पहिल्या फेरीचा पहिला सामना जिंकला त्या दिवशीचा बनियन लिओने तेव्हापासून धुवू दिला नव्हता. जिंकणारा बनियन धुतला की नशीब पाण्याबरोबर गटारात, असं त्याचं म्हणणं. तो बनियन खुंटीला टांगायची गरजच उरली नव्हती, जिथे ठेवू तिथे आपल्या बळावर उभा राहायचा. मी तो मागच्या पडवीत ठेवायला लागले तर कुत्रा पडवीतून घरात राहायला आला. तर अशात सासूबाई आल्या. ओडीलबाईंना तुम्ही ओळखता; त्यांना रिकामं बसवत नाही. मी कँटीनला गेले होते, परत येते तर दोरीवर बर्फात कडक झालेला, पांढरा शुभ्र बनियन! त्यांनी तो उकळत्या पाण्यात, साबणाच्या दोन वड्या घालून धुतला होता आणि वर मलाच ऐकवत होत्या, "माझ्या मुलाची काय दशा केली आहेस गं! कुत्रासुद्धा त्याच्याजवळ जात नाही." लिओ आला, दोरीकडे बघितलं आणि पायरीवर बसला. आईला तो काय बोलणार? त्याने बनियन काढला, बुटांच्या पिशवीत कोंबला, त्यावर नॉर्मचे (आपल्या गोलरक्षकाचे) मोजे टाकले आणि म्हणाला, "सामन्यापर्यंत मुरेल." मुरला. तो सामना आम्ही पाच-एकने जिंकलो! सासूबाई तेव्हापासून गावभर सांगत हिंडताहेत की माझ्या धुण्यामुळे जिंकले, आणि खेळाडूंच्या बायकांनी त्यांच्यापासून आपापले बनियन कुलपात ठेवले आहेत.

म्हणजे बनियनामुळे काही होत नाही, हे सिद्धच झालं. मग आम्ही हरतो कशाने? याचा गावात फार खोल विचार चालू आहे, मामा. मी या सगळ्याच्या विरुद्ध आहे, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. (कँटीनमधल्या डावीकडच्या कढईतच बटाटे तळते ते निराळ्या कारणाने.) पण लोकांना हिशेब जुळवायची खोड असते. पहिला सामना जिंकला, तेव्हा वादळाने तुमच्याकडच्या तारा तुटल्या होत्या, रेडिओ नाही, फोन नाही. दुसरा सामना. आपण पुढे होतो, मग बरोबरी झाली, जादा वेळ सुरू झाला, लिओ एकटा चकती घेऊन सुटला, समोर फक्त गोलरक्षक, सगळा रिंक उभा! आणि त्याच क्षणी भोंग्यावर आवाज आला, "कप्तान लिओ पाकेत यांच्यासाठी तोइवोमामांचा फोन आहे, मामा म्हणतात शाब्बास, जिंकलाच म्हणा." चकती खांबाला लागून परत आली. पुढच्या मिनिटाला त्यांनी गोल केला. भोंग्यावर बोलणाऱ्याची चूक, तुमची नव्हे. अशा वेळी कोणी सांगतं का!

तिसरा जिंकलो. त्या संध्याकाळी तुमचे खालचे दात काढले होते आणि तुम्ही औषधाने गाढ झोपला होता. चौथ्याला तुम्ही जागे होता आणि रेडिओ लावला होता. हरलो. पाचवा जिंकलो, त्या दिवशी तुम्ही हेल्मीच्या सासऱ्यांच्या मयताला गेला होता. (वाईट झालं. फार सज्जन माणूस. गास्टनने विचारलं, त्यांच्याकडे आणखी कोणी आजारी आहे का? मी त्याला कँटीनबाहेर काढलं.) आणि सहाव्याला तुम्ही कॉपर फॉल्सच्या हॉटेलवर पोरांसाठी घरी धुरावलेला मासा पाठवलात. इतका सुंदर मासा मी आईच्या हाताचाही खाल्ला नाही. पोरांनी बोटं चाटली, नॉर्मने दोन वाटे खाल्ले. मासा उत्तमच होता, मामा, हे मी शपथेवर सांगते. तो रात्रभर हॉटेलच्या तापलेल्या पाइपावर ठेवला हा कोचचा शहाणपणा. दुसऱ्या भागात नॉर्म अचानक गोल सोडून, मुखवट्यासकट, दांडक्यासकट, आतल्या दाराकडे धावत सुटला. पंच शिट्टी वाजवायला विसरला. त्याच्यामागे आपले दोन बचावपटू गेले. रिकाम्या जाळ्यात कॉपर फॉल्सवाल्यांनी आरामात गोल केला, अगदी बागेत फिरायला आल्यासारखा. लिओनेही मासा खाल्ला होता, पण तो कप्तान, तो शेवटपर्यंत बर्फावर उभा राहिला. कसा उभा राहिला ते मी कागदावर लिहीत नाही.

तर असं सगळं चाललं आहे. काल कँटीनमध्ये गावाची बैठक झाली. कोच होते, फादर होते, गास्टन होता, सासूबाई न बोलावता आल्या होत्या. पुष्कळ बोलणं झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. शनिवारी दुपारच्या बसने तुम्ही येताय, आपल्या जुन्या जागेवर, वरच्या रांगेत घड्याळाखाली बसणार आहात, ही तुमची चिठ्ठी मिळाली. तुमचा उत्साह बघून सगळ्यांना गहिवरून आलं. गास्टन तर खालीच बसला. हेल्मीला आणि मुलांना आशीर्वाद सांगा. प्रकृतीला जपा, बाहेर फार फिरू नका.

तुमची लाडकी भाची,
आयली

ता. क. मामा, आता लिहायलाच हवं. बैठकीत ठरलं की तुम्ही शनिवारी येऊ नये. येऊ नये, रेडिओ लावू नये, फोन करू नये आणि खाण्याचं काही पाठवू नये. आधीच्या दोन अंतिम सामन्यांना तुम्ही घड्याळाखाली बसला होता, ते लोक विसरलेले नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "अगं, लिही की बसच रद्द झाली!" मी म्हटलं, ज्या माणसाने मला दोन्ही हातांना धरून गोठलेल्या खाडीवर चालायला शिकवलं त्याला मी खोटं लिहिणार नाही. (हीटर मात्र खरंच बिघडला आहे. दातांच्या डॉक्टरचं मी बनवलं.) सगळ्या गावाचा जीव टांगणीला आहे, मामा, आणि माझ्या नवऱ्याला दुसरी संधी नाही. तुम्ही रागावलात तर मला हक्काने रागवा, पण घरी राहा. ओन्नी हे पत्र उद्या सकाळी तुमच्या हातात देईल.

आणखी ता. क. वरचं सगळं विसरा. पाकीट बंद करत होते तेवढ्यात लिओ सरावाहून आला आणि ताज्या कॉफीसाठी हात पुढे करता करता त्याने पत्रच उचललं. वाचलं. दाढीतून दिसेल एवढा लाल झाला. मी इतक्या वर्षांत त्याला टेबलावर हात आपटताना पाहिलं नव्हतं, आज पाहिलं. मिठाची बरणी फुटली. म्हणाला, "माझा बाप दारूच्या गुत्त्यात बसायचा तेव्हा माझ्या प्रत्येक सामन्याला घड्याळाखाली एकच माणूस यायचा. तो नसेल तर मी बूट बांधणार नाही, जा सांग तुझ्या बैठकीला." मी म्हटलं, आणि हरलात तर? तर म्हणतो, "हरलो तर हरलो, आयली. पण समजा जिंकलो, करंडक डोक्यावर धरला, वर बघितलं आणि तिथे मामा नाहीत. मग तो दाखवू कुणाला?" मी फरशीवरचं मीठ भरत बसले. तुम्ही या. याच. गुडघ्याला फ्लॅनेल गुंडाळून या.

शेवटचं, आणि हे नीट वाचा. बैठक पुन्हा बसली, बरंच भांडण झालं, फादरांनी मध्यस्थी केली आणि गावाने तुमचं येणं एका अटीवर मंजूर केलं. तुम्ही ज्यांच्या बाजूने बसता ते हरतात, एवढंच लोकांचं म्हणणं ना? मग तुमचं तिकीट पलीकडच्या बाजूला, कॉपर फॉल्सच्या पाठीराख्यांच्या बरोबर मध्ये काढलं आहे. सोबत पिवळा मफलर पाठवत आहे. त्यांच्या रंगाचा आहे, गास्टनने नाक धरून विकत आणला. तो गळ्यात घाला आणि घसा बसेपर्यंत त्यांच्या नावाने ओरडा. अगदी मनापासून, मामा, जसे आमच्यासाठी ओरडता तसे. लिओला मी सांगून ठेवलं आहे, करंडक हातात आला की घड्याळाखाली बघू नकोस, पलीकडे बघ; सगळी पिवळी गर्दी माना खाली घालून बसलेली असेल आणि मधोमध एकटा म्हातारा नाचत असेल, तो आपला.