पेटीपुढचे ताट

मी, खाली सही करणार, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला आरेखक, वयाने सत्तरी ओलांडलेला, डोके ठिकाणावर असलेला आणि डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे हृदय ठिकाणावर नसलेला, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी दटावलेले नाही, फूस लावलेली नाही, आणि सकाळच्या गोळीने गुंगी येत नाही याची मी खात्री करून घेतली आहे. याआधी मी कधी मृत्युपत्र केलेले नाही, तेव्हा रद्द करण्यासारखे काही नाही. वकीलबाई म्हणाल्या, "काका, जेवढं लागेल तेवढंच लिहा." मी मान हलवली. त्या मला फार दिवस ओळखत नाहीत.

१. माझे वारस दोन. थोरली मुलगी, जिला घरात सगळे ताई म्हणतात, आणि तिच्या पाठचा मुलगा, ज्याला आम्ही कप्तान म्हणतो. माझ्या पत्नीचे निधन झालेले आहे. कप्तान चाळिशीचा आहे, पण त्याची समज सहा-सात वर्षांच्या मुलाएवढीच राहिली. लहानपणी तो गाडीत माझ्या शेजारी बसे आणि त्याने "चला" म्हटल्याशिवाय मी गाडी हलवत नसे, त्यावरून हे नाव पडले. तो स्वतःचे स्वतः आवरतो, कपड्यांच्या घड्या माझ्यापेक्षा नीट घालतो, पण एकटा जेवत नाही. समोर कोणी जेवणारे नसेल तर उपाशी बसून राहतो. हे सर्व लिहिण्याचे कारण एवढेच आहे की, माझ्यामागे त्याच्याबरोबर जेवायला कोण बसणार हे ठरायचे आहे. बाकीची कलमे ओघाने आली.

२. राहते घर, म्हणजे पुढची खोली, जेवणाची खोली, स्वयंपाकघर, जिन्याखालची माझी कामाची खोली आणि मागच्या बाजूची स्वतंत्र खोली, हे सर्व कप्तानच्या हयातीत त्याच्यासाठी ठेवावे. त्याच्यानंतर ते ताईचे किंवा तिच्या मुलीचे. बँकेतली ठेव त्याच्या खाण्यापिण्याला आणि औषधाला लावावी. या दोन्हींची देखरेख वकीलबाईंनी करावी. त्या थोडक्यात बोलणाऱ्या आहेत, म्हणून मला त्यांचा भरवसा वाटतो.

३. माझी मोटार. ती आता चालत नाही आणि समोरच्या गॅरेजात एका कोपऱ्यात उभी आहे. गाडीबद्दल माझी मते ठाम आहेत. काच खाली करायला हाताने फिरवायची मूठ असावी, झाकण उघडले की इंजिन दिसावे, आणि गाडीने माणसाशी बोलू नये. जावईबापूंची नवी गाडी मागे घेताना किंचाळते, पट्टा लावला नाही तर रडते आणि दार उघडे राहिले तर सगळ्या गल्लीला सांगते. एवढी कटकट करूनही त्यांनी ती भिंतीला लावलीच. माझी गाडी कधी एका शब्दाने बोलली नाही, पण काय दुखतंय ते मला आवाजावरून कळे. ती भंगारात देऊ नये. कप्तान दर संध्याकाळी तिच्यात जाऊन बसतो आणि "चला" म्हणतो. गाडी जात नाही याचे त्याला वाईट वाटत नाही, मी शेजारी बसलेला असलो की पुरते.

४. कॉम्प्युटर. कामाच्या खोलीत जे जुने कॉम्प्युटर आहेत त्यांतले चालू असलेले ताईच्या मुलीला द्यावेत, बंद असलेलेही तिलाच द्यावेत, कारण शिकायला बंद पडलेलाच बरा. हल्लीचे कॉम्प्युटर ऐन कामात "थांबा, मी स्वतःला सुधारतो आहे" असे सांगून बसून राहतात. मला त्याचा संताप येतो, पण आमच्या घराण्यात असे वाक्य अजून कोणीच उच्चारलेले नाही हेही मान्य करतो.

माझे धाकटे बंधू यांना माझा प्रिंटर द्यावा. तो कागद निम्मा बाहेर काढून अडतो आणि मग ओढला तर फाडतो. माझी पत्नी गेली त्या दिवशी, तिला अजून घराबाहेरही नेले नव्हते, तेव्हा बंधूंनी मला बाजूला घेऊन विचारले होते, "आता या मुलाला कुठंतरी ठेवून टाकायचं बघतोस ना?" कप्तान दाराआडच उभा होता. नंतर कितीतरी दिवस तो मला विचारत होता, "बाबा, मला कुठं ठेवणार? कपाटात?" बंधूंनी प्रिंटर दुरुस्त करून घेऊ नये. तो तसाच वापरावा.

५. खेळणी. जे खेळणे स्क्रू काढून उघडता येते ते खेळणे. जे चिकटवून बंद केलेले असते ती निव्वळ फसवणूक. बटण दाबल्यावर जे स्वतःच नाचते, गाते आणि टाळ्याही स्वतःच वाजवते, त्यात पोराने करायचे काय? माझ्या पत्नीला हे पटत नसे. ती म्हणायची, "अहो, त्याला नाचलेलं बघायला आवडतं, तर बघू दे की. तुम्हाला प्रत्येक गोष्टीचं पोट फाडायलाच हवं का?" तिच्यापुढे माझे काही चालले नाही. नाचणारे अस्वल कप्तानकडेच राहील. त्याच्या पोटातली मोटार मी अनेकदा बदलली आहे आणि अस्वलाने कधी तक्रार केली नाही. बाकी खेळणी, आगगाडी धरून, ताईच्या मुलीची.

६. हत्यारे. पाने, पक्कड, तारा जोडायची डागणी, मीटर, सगळे मी गॅरेजवाल्या बाईंना देणार होतो. वकीलबाई म्हणाल्या की, साक्षीदाराच्या नावे काही लिहू नका, आणि बाईंनी तर साक्षीदार व्हायचे आधीच कबूल केले होते. म्हणून आज सकाळी, सही करायच्या आधी, मी हत्यारांची पेटी त्यांच्या हातात दिली. त्या म्हणाल्या, "काका, मला यातलं निम्मं लागत नाही." मी म्हटले, "मलाही लागत नव्हतं." त्या तोंड फिरवून पाने पुसत राहिल्या.

७. आता दुसरी पेटी.

आधी आमच्या घरातला एक नियम सांगतो. तो माझ्या पत्नीचा. सगळी माणसे बसल्याशिवाय पहिला घास कोणी घ्यायचा नाही, आणि जेवल्याशिवाय कोणी घराबाहेर पडायचे नाही. ताटे मांडणे हे कप्तानचे काम. पत्नी गेली ती दुपारची जेवून, भांडी आवरून, जरा आडवी झाली तेव्हा. कप्तानने तिला जेवताना पाहिले होते. संध्याकाळी त्याने तिचे ताट मांडले नाही. मला म्हणाला, "आई जेवून गेली." त्यानंतर त्याने ते ताट एकदाही मांडलेले नाही. मी मात्र पुष्कळ दिवस त्या जागेकडे बघून जेवत होतो.

डॉक्टरांनी मला "जे आवरायचं असेल ते आवरून घ्या" असे सांगितल्यावर दुसरा माणूस हादरला असता, मुलाच्या सोबतीला माणसे बघितली असती. मी जुना कॉम्प्युटर, एक स्पीकर आणि एक घड्याळ घेऊन कामाच्या खोलीत शिरलो. एक पेटी बनवली. ती ठरलेल्या वेळी माझ्या आवाजात बोलते. "कप्तान, दात घास." "कप्तान, निळ्या डबीतली गोळी." "कप्तान, गॅसच्या जवळ जायचं नाही." फळीवर एक कॅमेरा बसवला, म्हणजे सगळे फोनवर दिसावे आणि ऐकू यावे. वायरिंग इतके सुबक जमले की मी स्वतःवरच खूश होतो.

मग तालीम सुरू केली. माझ्या नसण्याची. रविवारी मी "ऑफिसला जाऊन येतो" म्हणून न जेवताच निघायचो आणि समोरच्या गॅरेजात माझ्याच बंद गाडीत बसून फोनवर घर बघायचो. गॅरेजवाल्या बाई म्हणाल्या, "स्वतःच्याच घरावर पाळत ठेवणारे तुम्हीच पहिले, काका." कप्तानने दात घासले, गोळी घेतली. मला वाटले, जमले. मग पेटी म्हणाली, "कप्तान, जेवायला बस." त्याने दोन ताटे वाढली. एक स्वतःपुढे आणि एक पेटीपुढे. आणि बसून राहिला.

पेटी जेवायला लागेल याची तो वाट बघत होता. मी घरी गेलो तोवर भात वाळला होता.

पुढच्या रविवारसाठी मी त्यात एक वाक्य घातले, "मी जेवलो, तू सुरू कर." कप्तानने वाकून पेटीपुढचे ताट पाहिले आणि शांतपणे म्हणाला, "खोटं. ताट भरलेलं आहे." मी गाडीत बसून हे ऐकले. आजवर इतकी यंत्रे बिघडली, पण यंत्र नीट चालले म्हणून मी रडलो तो त्याच दिवशी.

८. हे कलम ताईसाठी आहे.

तुझी आई गेल्यावर तू मला म्हणाली होतीस, "बाबा, कप्तानचं मला कधी विचारू नका. विचारलंत तर मला नाही म्हणता येणार नाही." तुझे घर दोन खोल्यांचे, नोकरी लांबची, आणि लहानपणापासून या घरातली सगळी धावपळ एकाच माणसाभोवती होत आली, ते तू बघितलेस. मी शब्द दिला होता. तो मोडत नाही. या मृत्युपत्रात कुठेही तुला काही विचारलेले नाही. वकीलबाईंकडून तपासून घेतले आहे.

पण एक गोष्ट तुला माहीत नाही. पेटीची ही तालीम चालू असताना एका रविवारी तू न कळवता आलीस. मी ऑफिसला गेलोय असे कप्तानने तुला सांगितले. निवृत्त माणूस रविवारी कसल्या ऑफिसला जातो, हे तू त्याला विचारले नाहीस. तू म्हणालीस, "का रे, जेवला नाहीस?" तो म्हणाला, "बाबा जेवत नाहीत." तेवढ्यात पेटी बोलली. तू तिच्याकडे बराच वेळ बघत राहिलीस. मग स्पीकरची वायर उपसलीस, माझ्या खुर्चीवर बसलीस, पेटीपुढचे ताट स्वतःकडे ओढलेस आणि तो गार भात खाऊ लागलीस. कप्तानने लगेच घास घेतला. तुझ्या डोळ्यांतून पाणी येत होते. तो म्हणाला, "ताई, तिखट आहे का?" तू म्हणालीस, "हो रे, जरा." त्याने आपल्या भांड्यातले पाणी तुझ्याकडे सरकवले.

कॅमेऱ्याची वायर वेगळी होती, बाळा. मी सगळे पाहिले. तू परत वायर जोडून ठेवलीस आणि मी आल्यावर एवढेच म्हणालीस, "बाबा, पेटीचा आवाज फार मोठा ठेवलाय." मी म्हटले, "कमी करतो." आपण दोघे तेवढ्यावरच राहिलो. तुझ्याइतके कोणीही मला या जन्मात समजून घेतलेले नाही, हे तुझ्यासमोर म्हणायचे धाडस झाले नाही म्हणून इथे लिहितो.

९. त्याच आठवड्यात मी माणूस शोधायला लागलो. मागची खोली दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टरना हयातभर बिनभाड्याने द्यावी. अट एकच, दोन्ही वेळा कप्तानच्या टेबलाशी जेवायचे. त्यांना एकटीने जेवायचा कंटाळा आला आहे, असे त्यांनीच सांगितले. त्या घास फार सावकाश खातात, पण कप्तानला घाई नसते. ते दोघे सध्या माझ्यासमोर जेवतात आणि त्या आल्यापासून तो त्यांचे ताट न सांगता मांडतो.

माझी जेवणाची खुर्ची ताईला. तिने ती न्यावी किंवा इथेच ठेवावी. इथे ठेवली तर येईल तेव्हा तिच्यावर बसावे. येणे किती वेळा, ते तिने ठरवायचे.

१०. बोलणारी पेटी मोडावी आणि तिच्यातला माझा आवाज पुसून टाकावा, एकही वाक्य शिल्लक ठेवू नये. मी आजवर बनवलेल्या वस्तूंत ती सगळ्यांत चांगली आहे, आणि खरे सांगायचे तर आपला आवाज घरात राहावा असे मला फार वाटते. पण आवाज असेल तोवर कप्तान माझे ताट वाढील, आणि मी जेवत नाही म्हणून तोही थांबेल. हे काम ताईने करावे. तिला वायर कोणती ते माहीत आहे.

११. शेवटची इच्छा. मी गेल्यावर कप्तानला देवाघरी, गावाला, ऑफिसला असे काही सांगू नये. त्याला एवढेच सांगावे, "बाबा जेवून गेले." मग तो माझे ताट मांडणार नाही आणि स्वतः जेवेल. मात्र त्याला खोटे लगेच कळते. म्हणून जो कोणी त्या वेळी माझ्याजवळ असेल, डॉक्टर असोत, सिस्टर असोत की बंधू असोत, त्याला माझी हात जोडून विनंती आहे. मला खाता येत असो वा नसो, माझ्या तोंडात एक घास घालावा, आणि तो कप्तानसमोर घालावा.

हे सर्व मी वाचून पाहिले, समजून सही केली.

सही: मृत्युपत्र करणार

मृत्युपत्र करणाऱ्यांनी आमच्या दोघांच्या देखत सही केली, तेव्हा ते शुद्धीवर होते आणि चष्मा पुसत होते, म्हणून आम्ही साक्षीदार म्हणून सह्या करतो.

साक्षीदार पहिल्या: समोरच्या गॅरेजच्या मालकीणबाई
साक्षीदार दुसरे: घरचे डॉक्टर

ठिकाण: राहते घर, जेवणाचे टेबल
तारीख: आजचा रविवार, सगळ्यांची जेवणे झाल्यावर