आरसे काढलेली गाडी

४ जानेवारी, रविवार
नाव दिलं! कोल्हापूरच्या रेसच्या ट्रॅकवर, अठरा तारखेला. राम जाणार होता तिथंच, त्याच्याच मोटरसायकलवर. घरात अजून बोलले नाही.

राम जाऊन दीड वर्ष झालं. वैजापूर रोडला, वळणावर, एकटाच घसरला. मधे कुणी आलं नाही, काही नाही. वेगानं नेलं म्हणतात सगळे. त्याच्या दोस्तानं, ऋतुराजनं, गाडी गॅरेजात नीट करून आणून दिली, तेव्हापासून अंगणात ताडपत्रीखाली आहे. सकाळी झाडायला निघाले की कुणी वाकून बसल्यासारखं दिसतं. रोज दचकते.

७ जानेवारी
सांगितलं. आत्याबाई भाकरी थापता थापता थांबल्या. "माझं लेकरू खाल्लं त्या गाडीनं. आता सून पण द्यू का?" तव्यावरची करपली. मामा बाहेर निघून गेले. लेक गेल्यापासून त्यांनी त्या ताडपत्रीकडं मान वळवलेली नाही.

९ जानेवारी
रामचा चामड्याचा सूट काढला. ट्रॅकवर त्याशिवाय सोडत नाहीत. त्या दिवशी अंगात नुसता शर्ट होता — सूट ट्रॅकसाठी जपून ठेवलेला! चामडं मऊ व्हावं म्हणून घरात घालून बसायचा. सूट घालून वरण-भात खायचा. हसून हसून पुरेवाट व्हायची माझी.

औरंगपुऱ्यात एका कारागिराकडं नेला. खांदे, कंबर आत घेतली त्यानं. गुडघे बघून मान हलवली. "ये नै बदलते बेटी. चमडा उसीच का हो गया."

घरी घालून पाहिला. उभी राहिले तर गुडघे रामसारखे किंचित वाकलेले. आरशापुढून लगेच बाजूला झाले.

११ जानेवारी, रविवार
चिकलठाण्याला एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यावर सराव. ऋतुराज ओरडत होता, "वहिनी, चाकाकडं नका बघू, लांब बघा!" वळणावर झुकले आणि मागच्या सीटवर वजन आलं. खरंच आलं! मागं कुणी नव्हतं.

इतकी वर्षं तिथं मी बसायचे. त्याला असंच जाणवायचं का?

१४ जानेवारी
संक्रांत. गल्लीत हळदीकुंकू. मला बोलावणं नाही. ब्रेक पॅड बदलून आणले.

१६ जानेवारी
ऋतुराजनं अंगणातच गाडी तयार केली. दिव्यांवर चिकटपट्टी, नंबर प्लेट काढली, आरसेही काढले. आरसे कशाला? "ट्रॅकवर मागं बघायचं नसतं, वहिनी. मागच्यानं मागचं सांभाळायचं."

तो गेल्यावर मामा आले. पहिल्यांदाच. गाडीच्या टाकीवर हात ठेवला, एखाद्या जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा.

"म्या जनमभर मेंढरांमागं पायी हिंडलो. घाई मला कधी कळलीच नाय. त्याला काय गावायचं गं ह्याच्यात?"

मी काढलेले आरसे फडक्यात गुंडाळत राहिले.

"जाऊन ये. पण आल्यावर खरं सांग."

१८ जानेवारी
चालवली.

सकाळी मागं वजन होतंच, प्रत्येक वळणाला. दुपारी सरळ पट्टा समोर आला आणि मूठ पूर्ण पिळली. हेल्मेटात कुणीतरी ओरडत होतं — मीच! हसत होते. तो गेल्यापासून पहिल्यांदा.

थांबले, हेल्मेट काढलं, आणि मग घाबरले. तेवढ्या वेळात राम आठवला नव्हता. मामा नाही, आत्याबाई नाही, कुणीच नाही. मागचं वजनसुद्धा नाही.

म्हणजे त्या वळणावर त्यालाही मी आठवले नसेन.

ऋतुराज पाणी घेऊन आला. म्हणाला, रडताय काय, भारी चालवली की!

१९ जानेवारी
घरी. मामा ओट्यावरच वाट बघत बसलेले. खोटं बोलता आलं असतं. त्यात काही नसतं मामा, नुसता नाद — एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

मी म्हणाले, "लई सुख असतं. पण तिथं कुणाचीच आठवण येत नाही. आपल्या माणसाची पण नाही."

"म्हंजे आमची बी आली नसंल."

"नाही."

"मंग हासत गेलं पोरगं," मामा म्हणाले आणि उठले. आत आत्याबाईंच्या हातातलं ताट वाजलं. त्यांनी ऐकलं होतं सगळं.

२३ जानेवारी
मामा सकाळी दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून गेले ते दुपारी आले. डॉक्टरचा दाखला आणि शिकाऊ लायसन! साठी उलटली, सायकलसुद्धा येत नाही. कागद माझ्या हातात दिला. "तूच शिकव."

कशासाठी मामा? या वयात?

"मला बी जरा येळ त्याला इसरायचंय."